अर्जातला तो प्रश्न आला कुठून?

मागच्या नोव्हेंबरात एका मैत्रिणीनं तिचा अर्ज वाचायला पाठवला. तिला कॅनडात एम.एस.डब्ल्यू. करायचंय, पुढे जमलं तर समाजकार्यातच पीएच.डी. ती माझ्यासारखीच विज्ञानाची पदवीधर, नंतर सांगलीत एका संस्थेत काही वर्षं काम केलेली. दोन पानांच्या निवेदनात बी.एस्सी.चे गुण होते, एन.एस.एस.ची शिबिरं होती, वक्तृत्व स्पर्धेतलं बक्षीस होतं, २०१९च्या महापुरातलं मदतकार्य होतं आणि शेवटी 'लहानपणापासून समाजसेवेची आवड' होती. इंग्रजी तर माझ्यापेक्षा चांगलं. पण अर्जात जे विचारलं होतं, त्याचं उत्तर त्यात नव्हतं.

विचारलं काय होतं? थोडक्यात दोन गोष्टी. एक, एखादा सामाजिक प्रश्न घ्या आणि त्याची मुळं व्यवस्थेत कुठे आहेत ते उलगडून दाखवा. दोन, समाजात तुमची स्वतःची जागा कोणती, आणि त्या जागेचा तुमच्या कामावर काय परिणाम होतो? शब्द विद्यापीठागणिक बदलतात, पण कॅनडातल्या समाजकार्याच्या अर्जांत हे दोन प्रश्न या ना त्या रूपात वारंवार भेटतात.

"मी मदत करायला चाललेय, कबुलीजबाब द्यायला नाही," ती वैतागून म्हणाली.

मला तेव्हा काही सांगता आलं नाही. मी रसायनशास्त्राची. आमच्याकडे प्रवेश म्हणजे बहुपर्यायी प्रश्न, चुकलेल्या उत्तराला गुण कापणार आणि यादीत नाव आलं की झालं. तुमच्या घरी किती जमीन होती आणि त्याचा तुमच्या टायट्रेशनवर काय परिणाम होतो, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून मग मी वाचायला बसले, आणि बसले ती दोन महिने. प्रवेश अर्ज हासुद्धा एक ऐतिहासिक दस्तऐवज असतो, हे मला या निमित्तानं कळलं. त्यातला प्रत्येक रकाना कधीतरी झालेल्या एखाद्या भांडणातून उरलेला असतो. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्यांना म्हणूनच हे सांगावंसं वाटतंय.

सुरुवात करू १९१४ पासून. त्या वर्षी टोरांटो विद्यापीठात समाजसेवेचा विभाग सुरू झाला, कॅनडातला पहिला. त्याआधी हे काम कोण करत होतं? चर्च, धर्मादाय मंडळं आणि सुखवस्तू घरातल्या बायका. गरिबाच्या घरी जायचं, तो मदतीला 'लायक' आहे की नाही ते बघायचं, मग कोळसा किंवा किराणा द्यायचा. टोरांटोत जे. जे. केल्सो या पत्रकाराच्या पुढाकारानं १८९१ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली होती. विनिपेगमध्ये जे. एस. वुड्सवर्थ हे मेथडिस्ट पाद्री स्थलांतरितांच्या वस्तीत मिशन चालवत होते; त्यांचं १९०९ चं पुस्तक वाचलं तर त्या काळातल्या भल्या माणसालाही कुठला स्थलांतरित 'चालेल' आणि कुठला नाही याची उतरंड किती सहज मांडता येत होती, ते दिसतं. शहरं वाढत होती, कारखाने वाढत होते, आणि नुसत्या सद्भावनेवर हे भागणार नाही असं वाटू लागलं होतं. मग विद्यापीठ आलं. मॅकगिलनं १९१८ मध्ये विभाग काढला, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठानं १९२९ मध्ये.

पण विद्यापीठात आल्यामुळे 'हे शास्त्र आहे का?' हा प्रश्न सुटला नाही, उलट चिघळला. १९१५ मध्ये बाल्टिमोरला एक मोठी परिषद भरली होती. तिथे अब्राहम फ्लेक्सनर बोलायला उभे राहिले. हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल: १९१० साली अमेरिका आणि कॅनडातल्या वैद्यकीय महाविद्यालयांची ज्यांनी झडती घेतली, ते हेच. त्यांनी समाजकार्यकर्त्यांना तोंडावर सांगितलं की तुमचं काम थोर असेल, पण अजून तो व्यवसाय म्हणता येत नाही. तुम्ही डॉक्टर, वकील, शिक्षक यांच्यात मध्यस्थी करता; तुमचं स्वतःचं असं तंत्र कुठे आहे?

हा घाव पुढे अनेक दशकं भरला नाही. आम्हाला तंत्र आहे, आम्हाला पद्धत आहे, हे सिद्ध करण्यात एक अख्खी पिढी गेली. दोनच वर्षांनी मेरी रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा जाडजूड ग्रंथ आला. नावातच निदान. डॉक्टरसारखं. कॅनडातल्या शाळांनीही केसवर्क हेच आपलं शास्त्र मानलं, आणि १९२६ मध्ये समाजकार्यकर्त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज अर्जात जीपीए मागतात, सामाजिक शास्त्रांतले विषय घेतले होते का ते बघतात, प्राध्यापकाचं शिफारसपत्र मागतात, त्यामागे ही धडपड आहे.

अनुभवाची अट मात्र वेगळ्या मुळातून येते. व्यवसायाच्या आधी सेटलमेंट होती: शिकलेल्या मुलामुलींनी गरीब वस्तीत जाऊन राहायचं आणि तिथून शिकायचं. लंडनचं टॉयन्बी हॉल १८८४ चं, शिकागोचं हल हाउस १८८९ चं, टोरांटोचं युनिव्हर्सिटी सेटलमेंट १९१० चं. ही परंपरा आपल्याला परकी नाही, बरं का. मुंबईत नागपाड्याला क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानं नेबरहुड हाउस चालवलं, आणि त्यातूनच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आपल्याकडचा एम.एस.डब्ल्यू.चा विद्यार्थी आठवड्यातले ठरलेले दिवस क्षेत्रकार्याला जातो आणि कॅनडातला विद्यार्थी प्रॅक्टिकमला जातो, ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत.

आणि जागा कमी का, याचं उत्तरही इथेच सापडतं. कॅनडात मान्यताप्राप्त बी.एस.डब्ल्यू.ला किमान ७०० तास क्षेत्रकार्य लागतं, बी.एस.डब्ल्यू. नसताना केलेल्या दोन वर्षांच्या एम.एस.डब्ल्यू.ला किमान ९००. प्रत्येक विद्यार्थ्याला एखादं रुग्णालय, शाळा, निवारा किंवा वस्तीतली संस्था हवी, आणि तिथे त्याच्यावर देखरेख करणारं अनुभवी, शिकलेलं माणूस हवं. वर्गात चार बाकं वाढवता येतात. ही माणसं वाढवता येत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूड जितके तितकेच विद्यार्थी, तसंच हे. त्यामुळे संकेतस्थळावर दिलेला किमान जीपीए हा फक्त दाराचा उंबरठा असतो, आत जागा मिळण्याची हमी नव्हे.

आता तो पहिला प्रश्न. 'मुळं व्यवस्थेत शोधा' हे कुणी सुरू केलं?

केसवर्कचा सगळा भर एका माणसावर, एका कुटुंबावर होता. १९३० च्या दशकातल्या महामंदीनं त्याची हवा काढली. लाखो धडधाकट माणसं एकदम बेकार झाल्यावर प्रत्येकाच्या स्वभावात दोष शोधणार कसा? टोरांटोत शिकवणारे हॅरी कॅसिडी आणि मॅकगिलमध्ये बेकारीवर संशोधन करणारे लिओनार्ड मार्श, दोघंही १९३२ मध्ये स्थापन झालेल्या 'लीग फॉर सोशल रिकन्स्ट्रक्शन'मध्ये होते. मार्श यांनी १९४३ मध्ये कॅनडाच्या सामाजिक सुरक्षेचा अहवाल लिहिला. पुढच्या कल्याणकारी राज्याचा आराखडा म्हणून तो ओळखला जातो. नंतर ते ब्रिटिश कोलंबियात समाजकार्याचे प्राध्यापक झाले. कॅसिडी १९४५ मध्ये टोरांटोच्या विभागाचे संचालक झाले. म्हणजे 'माणूस बदला' आणि 'व्यवस्था बदला' हे दोन्ही आवाज एकाच छपराखाली आले आणि आजतागायत भांडतायत.

१९६६ मध्ये कॅनडा असिस्टन्स प्लॅन आला. प्रांतांच्या कल्याणखर्चाचा निम्मा वाटा केंद्र उचलू लागलं. सेवा वाढल्या, नोकऱ्या वाढल्या, माणसं हवी झाली. पदव्युत्तर शिक्षणावर भागेना, म्हणून त्याच सुमाराला बी.एस.डब्ल्यू. अभ्यासक्रम सुरू झाले. १९६७ मध्ये कॅनडातल्या समाजकार्य शाळांची स्वतःची संघटना झाली. तोवर मान्यतेसाठी अमेरिकेकडे बघावं लागत होतं. (तिचाच आजचा अवतार अभ्यासक्रमांना मान्यता देतो. तुमची भारतातली बी.एस.डब्ल्यू. तिच्या यादीत नसणार, त्यामुळे एक वर्षाचा एम.एस.डब्ल्यू. मिळेल की दोन वर्षांचा, हे अर्ज भरण्याआधी त्या विद्यापीठालाच लिहून विचारा. टोरांटोत तर बी.एस.डब्ल्यू. नाहीच, थेट एम.एस.डब्ल्यू.) १९७० च्या दशकात ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात मॉरिस मोरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्ट्रक्चरल' समाजकार्याची मांडणी केली: समोरच्या बाईचं नैराश्य बघताना तिचं भाडं, तिची मजुरी, तिच्या घरातली सत्ताही बघा. तुमच्या अर्जातला पहिला प्रश्न वाचताना मला मोरो यांचा वर्ग आठवतो. मी तिथे अर्थातच कधी गेलेले नाही.

दुसऱ्या प्रश्नाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही, आणि तिथेच मी जास्त दिवस अडकले.

१९४७. ओटावात संसदेची संयुक्त समिती इंडियन अ‍ॅक्टचा फेरविचार करत होती. मूलनिवासी लोकांच्या जवळजवळ सगळ्या आयुष्यावर ताबा ठेवणारा हा कायदा १८७६ चा. समितीपुढे समाजकार्यकर्त्यांची राष्ट्रीय संघटना आणि कॅनेडियन वेल्फेअर कौन्सिल यांनी मिळून एक निवेदन दिलं. ते लिहिणारे दुष्ट नव्हते. इतर कॅनेडियन मुलांना ज्या सेवा मिळतात त्या रिझर्व्हवरच्या मुलांना मिळत नाहीत, हा भेदभाव आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रांतांच्या बालकल्याण सेवा तिथेही न्या, असा त्यांचा आग्रह. मात्र मूलनिवासींनी अखेर कॅनेडियन जीवनात मिसळून जायचंय, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं, आणि मूल वाढवण्याच्या त्यांच्या स्वतःच्या रीतींना त्या चौकटीत जागा नव्हती.

१९५१ मध्ये कायदा बदलला आणि प्रांतांचे सर्वसाधारण कायदे रिझर्व्हवर लागू झाले. आता शिकलेले, पदवी घेतलेले समाजकार्यकर्ते तिथे पोचू शकत होते. आणि पोचले.

पुढचे आकडे ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे. १९५५ मध्ये तिथे सरकारी देखभालीत ३,४३३ मुलं होती. त्यांतली मूलनिवासी २९. एक टक्कासुद्धा नाही. १९६४ मध्ये एकूण ४,२२८, आणि मूलनिवासी १,४४६. चौतीस टक्के. नऊ वर्षांत. मी आकडेमोड करणारी आहे, आलेख असा उभा चढला की आधी उपकरण तपासते. इथे उपकरण ठीक होतं.

ही मुलं का काढली गेली? अनेकदा कारण लिहिलं जाई दुर्लक्ष. म्हणजे घर लहान, एका खोलीत बरीच माणसं, नळ नाही, मूल आजीकडे वाढतंय, कपाटात ओळखीचं अन्न नाही. मध्यमवर्गीय शहरी घराच्या मापानं मोजलं की गरिबी ही हेळसांड दिसते. बरीच मुलं गोऱ्या कुटुंबांत दत्तक गेली, काही देशाबाहेर. सगळी मिळून वीस हजारांहून जास्त होती, असा अंदाज सांगितला जातो. पॅट्रिक जॉन्स्टन या संशोधकानं १९८३ च्या अहवालात याला 'सिक्स्टीज स्कूप' म्हटलं. हा शब्द त्याला सुचला ब्रिटिश कोलंबियातल्या एका जुन्या समाजकार्यकर्तीच्या बोलण्यातून: आपण रिझर्व्हवरच्या आयांकडून तान्ही बाळं कशी उचलून आणत होतो, हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन वर्षांनी मॅनिटोबाच्या चौकशीत न्यायाधीश एडविन किमेलमन यांनी याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं.

हे वाचताना मला फ्लेक्सनर आठवत राहिले. तुमच्याकडे तंत्र नाही असं त्यांनी हिणवलं होतं. तंत्र आलं, फॉर्म आले, पदव्या आल्या, प्रवेशाच्या चाळण्या आल्या. आणि ज्या काळात हा व्यवसाय सगळ्यात जास्त शिकलेला होता, त्याच काळात त्याच्या हातून हे झालं. नुसत्या अज्ञानानं झालं असतं, तर अभ्यासक्रमात एक पेपर वाढवून भागलं असतं.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असेल. निवासी शाळांच्या इतिहासाची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगानं २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांतल्या पहिल्या पाच बालकल्याणाबद्दल आहेत, शाळांबद्दल नाहीत, आणि अगदी पहिल्या शिफारशीतच समाजकार्यकर्त्यांना या इतिहासाचं नीट शिक्षण द्या असं म्हटलंय. २०१६ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणानं निकाल दिला की रिझर्व्हवरच्या मुलांसाठी केंद्राचा निधी भेदभावाचा आहे, आणि त्याची रचनाच अशी आहे की मूल घरातून काढायला उत्तेजन मिळतं. त्या खटल्यामागे ज्यांची चिकाटी होती त्या सिंडी ब्लॅकस्टॉक स्वतः गिटक्सन समाजातल्या, आणि मॅकगिलला समाजकार्याच्या प्राध्यापक. २०१७ मध्ये समाजकार्य शिक्षणसंस्थांच्या संघटनेनं आपल्या सहभागाची लेखी कबुली दिली. २०१९ मध्ये समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं माफी मागितली. आणि तरी २०२१ च्या जनगणनेत कॅनडातल्या मुलांमध्ये मूलनिवासी ७.७ टक्के, पण फॉस्टर केअरमधल्या मुलांमध्ये ५३.८ टक्के.

म्हणून तो दुसरा प्रश्न. माझं वाचन असं की, तिथे तुमची नम्रता कुणी मोजत नाहीये. 'मदत करायला चाललेय' म्हणणाऱ्या माणसानं लेखणी हातात आल्यावर काय काय केलंय हे तिथल्या निवड समितीतल्या लोकांना घरच्या गोष्टीसारखं माहीत आहे. तुम्हाला तुमच्या हातातली लेखणी दिसते का, एवढंच ते विचारतात.

एक शंका मात्र मनात आहेच. असा प्रश्न दरवर्षी विचारला की त्याची गाइडबुकं निघतात. विशेषाधिकार, छेदनबिंदू, वसाहतवाद हे शब्द पेरून छान कबुली लिहिता येते, आणि ती सगळ्यात छान त्यांनाच लिहिता येते ज्यांना महागडा सल्लागार परवडतो. आपल्याकडून जाणाऱ्यांचं आणखी एक: 'सिक्स्टीज स्कूप'वर एक परिच्छेद चिकटवायचा. कृपया नको. तो तुमचा अनुभव नाही, आणि ज्यांच्या घरातून मुलं गेली त्यांच्यापैकी कुणी तुमचा अर्ज वाचत असू शकतं.

हे सगळं मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, तीन रविवार. तिसऱ्या रविवारी ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, पुरातलं एक मी लिहिलंच नाही.

मदत छावणीत नावांची यादी करायचं काम तिच्याकडे होतं. संस्थेचा नियम होता की त्या पत्त्यावरचं रेशनकार्ड दाखवेल त्याला किट. भाडेकरूंकडे, बाहेरून आलेल्या मजुरांकडे ते नव्हतं. तिनं नियम पाळला. दोन दिवस पाळला. यादी नीटनेटकी झाली, कौतुकही झालं. तिसऱ्या दिवशी रांगेतली एक बाई तिला म्हणाली, "ताई, पाणी काय रेशनकार्ड बघून आलं होतं का?"

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"तिचं नाव लिहिलं. पण आधीच्या दोन दिवसांत परत गेलेल्यांचं काय, ते मला माहीत नाही. ती यादी अजून माझ्या लॅपटॉपवर आहे."

नव्या मसुद्यात वक्तृत्व स्पर्धा गेली, लहानपणापासूनची आवड गेली, शब्दमर्यादेमुळे बी.एस्सी.चे गुणही गेले. ते गुणपत्रिकेत आहेतच. ती यादी आली. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात तिनं रेशनकार्डाचा पत्ता आणि माणसाचा पत्ता वेगळा का असतो, हे लिहिलं. दुसऱ्यात यादी कोण करत होतं ते. डिसेंबरात मुदतीच्या दोन दिवस आधी अर्ज गेला. निकाल वसंतात लागतात, अजून काही कळलेलं नाही.